समासातली नोंद

अंबरनाथ, उल्हासनगर किंवा बदलापूरच्या एखाद्या कॅथलिक घरात लग्न ठरलं, की हॉल आणि केटररच्याही आधी एका दाखल्याची धावपळ सुरू होते. मुलाचा बाप्तिस्मा वसईला झालेला असतो, मुलीचा केरळात त्रिशूरजवळच्या एखाद्या गावात. त्या त्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला मागवायचा, आणि तोही ताजा, सहा महिन्यांच्या आत काढलेला. आईने इतकी वर्षं लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला मूळ दाखला चर्चच्या ऑफिसात नेला, तर तिथल्या बाई तो प्रेमाने पाहतात आणि परत देतात. तो चालत नाही.

कारण साधं आहे, पण बाहेरच्या माणसाला ते सहसा ठाऊक नसतं. बाप्तिस्म्याची वही एकदा लिहून मिटत नाही. बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्मपिता आणि धर्ममाता ज्या ओळीत लिहिलेले असतात, त्याच ओळीच्या समासात पुढे त्या माणसाचं दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्न, कुणी धर्मगुरू किंवा धर्मभगिनी झालं तर ती दीक्षा, असं सगळं टिपलं जातं. लग्न अंबरनाथला लागलं तर अंबरनाथच्या फादरांनी वसईला कळवायचं. वसईच्या फादरांनी कपाटातून ती जुनी वही काढून त्या नावासमोर लिहायचं, की अमुक तारखेला, अमुक चर्चमध्ये, अमुक व्यक्तीशी विवाह झाला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली लग्नाच्या नोंदी सक्तीच्या केल्या. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घरोघरच्या माणसांची यादी अशा पाच वह्या ठेवायला सांगितल्या. लग्नाची खबर बाप्तिस्म्याच्या समासात पोचवण्याची शिस्त १९०८पासून लागू झाली. गाव सोडून गेलेला माणूस परत कधी आला नाही, तरी त्याची बातमी गावच्या वहीत येत राहते.

कल्याणच्या पुढच्या या तीन शहरांसाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आगरी, कोळी, कुणबी, ठाकूर, कातकरी ही इथली जुनी माणसं. बाकी जवळजवळ सगळी कुठून ना कुठून आलेली. सिंधमधून, कोकणातून, घाटावरून, केरळातून, उत्तरेतून. रेल्वे इथून १८५६ साली खोपोलीपर्यंत गेली आणि तेव्हापासून या पट्ट्यात माणसं उतरतच आहेत. आलेल्या माणसाचा संसार इथे असतो, पण त्याच्या घराण्याचा कागद मागेच राहतो. तो कागद नेमका कुठे आहे आणि आज तो हाती लागतो का, हे पाहायला मी हिवाळ्यात या मार्गावर फिरले.

विठ्ठलवाडीला उतरून कॅम्प चारकडे चालू लागलं की उल्हासनगरचे पत्ते दिसायला लागतात. बॅरक नंबर अमुक, रूम नंबर अमुक. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८च्या कराचीतल्या दंगलीनंतर, सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबईला आले आणि त्यांतल्या हजारो कुटुंबांना या रिकाम्या बॅरकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि छावणीला नदीच्या नावावरून उल्हासनगर म्हटलं जाऊ लागलं. आज मूळ बॅरकी शोधाव्या लागतात. त्यांच्या जागी तीन-चार मजली घरं, फर्निचरची दुकानं, जीन्सचे कारखाने आहेत. पण कागदोपत्री बॅरकचा नंबर टिकून आहे, कारण जमिनीची सनद त्याच आधारावर आहे.

इथल्या एका जुन्या कापड दुकानात गल्ल्यावर बसलेल्या काकांना मी विचारलं, तुमच्या आजोबांच्या आधीचं काही लिहिलेलं आहे का? घरात त्यांच्याकडे होती ती क्लेमची कागदपत्रं. मागे सोडलेल्या घरादाराची भरपाई मागताना सरकारला दिलेली यादी, त्यात शिकारपूरचं घर, खोल्या, वडिलांचं आणि आजोबांचं नाव. त्याआधीचं सगळं हरिद्वारला. वडिलांच्या अस्थी घेऊन ते गंगेवर गेले, तेव्हा पंड्याने आधी सिंधमधलं गाव विचारलं, मग आडनाव, आणि लांबट वही उघडून खापरपणजोबांपर्यंत नावं वाचून दाखवली. "ज्या गावाला मी पाय लावलेला नाही, त्या गावाचं नाव घेऊन त्यांनी मला ओळखलं," असं सांगताना काकांचा आवाज भरून आला. मग पंड्याने त्यांचं, भावांचं, मुलांचं नाव खाली लिहून घेतलं आणि पत्ता म्हणून बॅरकचा नंबर. सिंधच्या गावाखाली उल्हासनगर लिहिलं गेलं.

आपल्याकडे नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत, त्या याच जातीच्या. मराठी घरांतून श्राद्धाला, नारायण नागबळीला गेलेल्या माणसांनी त्यांत सह्या केल्या आहेत. या वह्यांचं मोल मोठंच आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिथे कुणी गेलं तरच नोंद होते. ज्या घरातलं दोन पिढ्यांत कुणी तीर्थाला गेलं नाही, त्याची ओळ तिथेच थांबते. आणि नावं मुख्यतः पुरुषांची. काकांच्या आजीचं नाव वहीत नव्हतं.

हरिद्वारच्या या वह्यांची छायाचित्रं आज अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीतही आहेत. तिथे मॉर्मन चर्चने १८९४ साली वंशावळींसाठी संस्था काढली. पूर्वजांसाठी धर्मविधी करता यावेत म्हणून त्यांना पूर्वजांची नावं हवी असतात, आणि त्यासाठी १९३८पासून ही मंडळी जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढत आली आहेत. मूळ फिती ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवल्या आहेत. सिंधी घराण्याची हिंदू वही एका ख्रिस्ती पंथाच्या डोंगरात सुरक्षित राहावी, याचं मला फार अप्रूप वाटलं.

याच संस्थेने पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरही मोठं काम केलं आहे, आणि तिथली परिस्थिती समजून घेतली की आपल्याकडचं चित्र स्पष्ट होतं. सामोआत लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स १८३० साली उतरला, तोवर तिथे लिपी नव्हती. वंशावळ्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांना पाठ असत. मिशनने लिहिणं-वाचणं आणलं, गावोगावी पाळक नेमले, आणि बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या वह्या सुरू झाल्या. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी 'टालुने' नावाचं जहाज न्यूझीलंडहून फ्लूची साथ घेऊन आलं आणि काही आठवड्यांत पश्चिम सामोआतली जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. त्यात म्हातारी माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर पाठ असलेल्या वंशावळ्याही. उरला तो चर्चचा कागद. तिथे जमीन आणि घराण्याचं प्रमुखपद वंशावरून ठरतं. त्यासाठी १९०३ साली जर्मन अमदानीत सुरू झालेलं न्यायपीठ आज जमीन व पदवी न्यायालय म्हणून चालतं, आणि तिथल्या दाव्यांत पूर्वजांची नावं सिद्ध करावी लागतात. म्हणून एखादा सामोअन माणूस पाळकाच्या घरी जुनी वही पाहायला जातो, तेव्हा त्यामागे हौसेइतकीच गरजही असते.

जवळच्याच फिजीत आपली माणसं गेली ती १८७९पासून, 'लिओनिडास' जहाजाने सुरुवात करून, गिरमिटावर. ती बहुतेक हिंदू आणि मुसलमान, त्यामुळे त्यांचा माग चर्चमध्ये लागत नाही. त्यांचा कागद म्हणजे कलकत्त्याच्या किंवा मद्रासच्या बंदरात लिहिलेला पास. नाव, बापाचं नाव, जात, गाव, ठाणं, जिल्हा. चौथ्या-पाचव्या पिढीतले फिजीचे भारतीय आज तेवढ्याच ओळींवर बस्ती किंवा आझमगढमधलं गाव शोधत येतात.

पुन्हा आपल्या मार्गावर येऊ. अंबरनाथला लोक येतात ते शिवमंदिरासाठी, आणि मीही आधी तिथेच गेले. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शिलाहारांचं. त्यातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असं साल आहे, आणि मम्वाणी राजाबरोबर त्याच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची कारभाऱ्यांची यादी दगडात शाबूत आहे. देऊळ ज्यांनी घडवलं त्या पाथरवटांच्या घराण्यांचं मात्र आज कुणाला काही सांगता येत नाही.

देवळापासून रिक्षाने थोड्याच वेळात चर्चच्या ऑफिसात पोचता येतं. काड्यापेट्यांचा विमको कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी, मग एमआयडीसी, या नोकऱ्यांसाठी आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी अंबरनाथची वस्ती वाढवली. म्हणून इथल्या वहीत जन्मगावांचा रकाना वाचणं म्हणजे अर्ध्या भारताचा प्रवास आहे. मंगळूर, वसई, त्रिशूर, कोट्टायम, तिरुनेलवेली, गोवा, नगर, जालना. परक्या माणसाला कुणाचीही नोंद दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माझ्यासोबत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना त्यांच्या आईबापांच्या लग्नाची आणि आपल्या बाप्तिस्म्याची नोंद पाहायची होती, आणि त्यांच्या परवानगीने मला ती पाने पाहता आली.

वही लांबरुंद, छापील रकान्यांची, पाठीला कापड लावलेली. त्यांच्या नावासमोरचा समास भरगच्च होता. दृढीकरण अंबरनाथलाच. पुढे निळ्या बॉलपेनने त्यांचं लग्न, चर्च मंगळूरकडचं. पत्र तिकडून आलं आणि इथल्या कुणी फादरांनी ते इमानाने चढवलं. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाच्या नोंदीत आईचा बाप्तिस्मा कुठे झाला त्या चर्चचं नाव होतं, वसईतलं. गृहस्थ ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आईचं माहेर वसईला एवढंच त्यांना ठाऊक होतं, कुठलं गाव ते कुणीच सांगितलं नव्हतं, आणि घरात आता सांगायला कुणी उरलंही नव्हतं.

इथे एक अडचण समजून घ्यायला हवी, नाहीतर शोध चुकीच्या दारात थांबतो. कॅथलिकांमध्येही या पट्ट्यात दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. लॅटिन विधीची चर्चं मुंबई महाधर्मप्रांतात येतात, तर केरळातून आलेल्या सिरो-मलबार विधीच्या कुटुंबांसाठी १९८८ साली कल्याणचा वेगळा धर्मप्रांत स्थापन झाला. म्हणजे एखाद्या मल्याळी घरात थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा लॅटिन चर्चच्या वहीत आणि धाकट्या मुलाचा सिरो-मलबार चर्चच्या वहीत असू शकतो. भाऊ-बहीण एकाच बॅरकीत वाढलेले, आणि कागद दोन ठिकाणी. केरळच्या या घराण्यांचं मात्र एका बाबतीत कौतुक करावं लागेल. त्यांची कुटुंबयोगमं असतात, सगळी शाखा वर्षातून एकत्र जमते, आणि घराण्याचा इतिहास छापून काढते. बदलापूरच्या वन-बीएचकेतही तो जाडजूड ग्रंथ टीव्हीशेजारी दिसतो.

कल्याणला धर्मप्रांत झाला, तेव्हा एका फार जुन्या उल्लेखाची आठवण अनेकांना झाली असणार. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने 'कल्लियाना' या ठिकाणी इराणहून नेमलेला बिशप असल्याचं नोंदवलं आहे. ते आपलं कल्याणच, असं बरेच अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. त्या ख्रिस्ती लोकांची एकही वही उरलेली नाही.

अंबरनाथहून वसईला जायचं तर दिव्याला उतरून वसई रोडची गाडी धरायची. गाड्या मोजक्याच, पण प्रवास सुंदर. भिवंडी, कामण, खाडीचं पाणी, मग मिठागरं. हे अंतर अंबरनाथच्या गृहस्थांच्या आईने लग्नानंतर कसं आणि किती वेळा कापलं असेल, हा विचार आम्ही दोघांनीही केला.

वसईत चर्चच्या नोंदी शोधणाऱ्याने आधी धर्मप्रांतांचा इतिहास पाठ करावा. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली. किल्ल्यातली चर्चं ओस पडली, आज त्यांच्या भिंतीच उभ्या आहेत, पण किल्ल्याबाहेरच्या गावांतली चर्चं आणि माणसं टिकली. ती आधी गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती. १८८६ साली दमणचा धर्मप्रांत झाला, तेव्हा त्यात गेली. १९२८ साली दमणचा हा भाग मुंबईच्या आर्चबिशपांकडे आला, आणि १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. माणूस आपल्या वाडीतून हललाही नाही, पण त्याच्या पणजोबांचा बिशप गोव्याला, आजोबांचा दमणला, बापाचा मुंबईला आणि त्याचा स्वतःचा वसईला. नोंदवही चर्चमध्येच राहते, पण पत्रव्यवहार, लग्नाच्या सवलतींचे अर्ज, वादांचे कागद असे चार दिशांना पांगलेले असतात.

दुसरी अडचण नावांची. लोपीस, डिमेलो, परेरा, रॉड्रिग्ज ही आडनावं एकेका गावात इतकी, की नुसत्या नावावरून कुणी सापडत नाही. गावात माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, घरावरून, आजोबांच्या टोपणनावावरून. त्यात वहीतलं नाव पोर्तुगीज किंवा लॅटिन वळणाचं आणि घरातलं वेगळंच. घरी इनास, वहीत इग्नासिओ. घरी बस्त्यांव, वहीत सेबॅस्टियन. म्हणून आम्ही वसईला गेलो ते आधी चर्चमध्ये न जाता गृहस्थांच्या एका लांबच्या मावशीकडे. नव्वदीच्या घरातल्या त्या माउलीने सामवेदी बोलीत एका दमात वाडी, घर, विहीर, शेजार सांगून टाकलं. आम्ही ते लिहून घेतलं आणि मग ऑफिसात गेलो. वही आणि आठवण यांपैकी एकच हाताशी असेल तर शोध लंगडा पडतो.

आईची नोंद सापडली. समासात अंबरनाथचं लग्न लिहिलेलं होतं, तिथल्या वहीतल्या तारखेशी जुळणारं. तिच्या आईबापांची नावं होती, धर्ममातेचं नाव होतं, आणि ते गावातल्या दुसऱ्या घराशी असलेल्या नात्याचा धागा देत होतं. धर्ममाता सहसा मावशी, आत्या, काकू यांच्यातलीच असते, त्यामुळे या एका रकान्यातून घराण्याचा आडवा पसारा उलगडतो. गृहस्थांनी आजीचं पूर्ण नाव पहिल्यांदा वाचलं. पोर्तुगीज वळणाच्या जुन्या नोंदींत काही ठिकाणी दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं असतात.

बाईचं नाव लिहिलं जाणं ही मला या वह्यांची सर्वांत मोठी देणगी वाटते. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं केलं, तेव्हा सगळीकडे स्वागत झालं, आणि व्हायलाच हवं होतं. चर्चच्या वहीत ते कित्येक पिढ्या आधीपासून आहे. त्या आधारावर आईची आई, तिची आई अशी उलटी वाट धरता येते. आपल्या बहुतेक वंशावळ्यांमध्ये ही वाटच नसते.

पण याच वह्यांत एक पोकळी आहे. समासात लग्न येतं, मृत्यू येत नाही. माणूस जिथे गेला आणि जिथे पुरला, तिथल्या मृत्यूच्या वहीतच त्याचा शेवट लिहिला जातो. वसईत आणि मुंबईच्या आसपास जागेअभावी थडगी पुन्हा वापरतात, त्यामुळे दगड पाहून काही कळेल ही आशा फारशी नसते. ज्याने अंबरनाथला आयुष्य काढलं त्याचा आरंभ वसईच्या वहीत आणि अंत अंबरनाथच्या. दोन्ही वह्या वाचल्याशिवाय माणूस पुरा होत नाही.

आणि वह्या नेहमीच टिकतील असं नाही. जुन्या शाईत लोह असतं आणि ती कागद खात जाते. काही पानांवर अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं छिद्र दिसतं. वाळवी आहे, पावसाळ्यातला ओलावा आहे, गळकं छप्पर आहे. जिथे छायाचित्रं काढून ठेवली आहेत तिथे जीव भांड्यात पडतो. जिथे काढलेली नाहीत, तिथे पुढच्या पावसाळ्याच्या आत ती निघावीत असं मला मनापासून वाटतं. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि चर्चच्या परवानगीने, कुणाच्या खासगीपणाला धक्का न लावता हे काम धर्मग्रामातली तरुण मुलं करू शकतात.

कल्याणच्या रेल्वे वस्तीतल्या अँग्लो-इंडियन घराण्यांचं नशीब याबाबतीत उजळ. लष्कराच्या आणि रेल्वेच्या पाद्र्यांनी केलेल्या नोंदींच्या नकला दरसाल लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या त्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांचे वंशज पर्थला किंवा टोरांटोला बसून कल्याणला झालेलं पणजोबांचं लग्न शोधतात.

बदलापूरला उतरलं की उल्हास नदीपलीकडे नव्या इमारतींच्या रांगा दिसतात. मुंबईत, ठाण्यात घर न परवडणारी माणसं इथे येतात, आणि त्यांत मराठी प्रोटेस्टंट कुटुंबं बरीच आहेत. साळवे, गायकवाड, शिंदे, कांबळे, भोसले. वसईकरांसारखी पोर्तुगीज आडनावं त्यांना मिळाली नाहीत, त्यामुळे ही घरं ख्रिस्ती आहेत हे शेजाऱ्यांना कित्येकदा नाताळापर्यंत कळतही नाही. यांतली बहुतेक घराणी नगर जिल्ह्यातली. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ साली काम सुरू केलं आणि १८३१ साली नगरला ठाणं उभारलं. 'ज्ञानोदय' १८४२ साली तिथेच निघाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आणि लक्ष्मीबाईंचं बरंच आयुष्य नगर-राहुरीत गेलं. टिळक लहानपणी कल्याणला शिकले होते, हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत समासाची ती पद्धत नाही. तिथे माणूस एका मंडळीतून दुसरीत जाताना पाळकाचं पत्र घेऊन जातो, आणि पत्र हरवलं की दुवा तुटतो. शिवाय १९७० साली वेगवेगळी चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बऱ्याच मंडळ्यांची नावं आणि कचेऱ्या बदलल्या. मिशनऱ्यांनी बोस्टनला धाडलेली पत्रं आणि अहवाल आता हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. त्यांत अमुक गावी अमुक माणसांनी बाप्तिस्मा घेतला अशा हकिकती येतात. एखाद्या वाडीतल्या शेतमजुराचं नाव तलाठ्याच्या दप्तरात नसेल, पण बोस्टनच्या पत्रात असू शकतं.

काही घराण्यांची सुरुवातच वहीपासून होते. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. त्यांतल्या कित्येकींना आईबापांची नावं सांगता येत नव्हती. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांसाठी संस्थेची नोंद हाच पहिला पूर्वज. बदलापूरच्या एका शिक्षिकेने मला सांगितलं, की तिच्या पणजीचं नाव मिशनच्या बाईंनीच ठेवलेलं. त्याआधीचं तिचं नाव काय होतं हे पणजीलाही आठवत नसे.

या शोधाला आणखी एक बाजू आहे आणि ती दुखरी आहे. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद काढायला गेलं की जातीचा रकाना, पूर्वीचं गाव, पूर्वीचा धर्म हे सगळं बाहेर येतं. काही घरांत म्हणून वडीलधारे या विषयावर बोलतच नाहीत. त्या शिक्षिकेच्या आजोबांनी आपलं मूळ गाव कधीही उच्चारलं नाही. गावाने त्यांच्या बापाला पाणी नाकारलं होतं, एवढंच घरात माहीत होतं. तिला ते गाव हवं आहे. जात पडताळणीसाठी नाही, आजोबांनी ते का गिळून टाकलं हे समजावं म्हणून. मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं.

नगरकडच्या एका जुन्या मंडळीने तिला पत्राचं उत्तर दिलं आहे. पणजोबांची नोंद सापडली, आणि तिच्यात गावाचं नाव आहे. आता पुढचा कागद सरकारी. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधी गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल बुकात, गाव नमुना चौदात लिहिले जात. बाळाचं नाव तिथे बहुतेकदा नसतंच, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच लिहिलेलं, पण बापाचं नाव आणि जात असते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा हीच दप्तरं महाराष्ट्रभर उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांची सगळीकडे शोधाशोध झाली. शिक्षिकेलाही मोडी वाचणारं कुणी हवं आहे, आणि कल्याणमध्ये मोडीचा वर्ग घेणाऱ्या एका गृहस्थांनी यायचं कबूल केलं आहे. मुरबाड-माळशेजच्या रस्त्याने, उन्हाळ्याची सुट्टी लागली की, आम्ही तिघं त्या गावाच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत जाणार आहोत. अर्ज तिने आधीच पाठवून ठेवला आहे, आणि त्यावर पणजोबांच्या नावाबरोबर पणजीचंही नाव घातलं आहे.